जाळायच्या भिंगाचा दिवा

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, जिरोंदच्या मुखाशी, भर समुद्रात कोर्दुआंचा दीपस्तंभ आहे. १६११ साली तो पुरा झाला, अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याची उंची वाढवली, वगैरे. मला त्यात रस नाही. रस आहे तो २५ जुलै १८२३ रोजी तिथे पेटलेल्या दिव्यात. फ्रेंच अभियंता ऑगस्तँ फ्रेनेलचं पायऱ्यापायऱ्यांचं भिंग त्या दिवशी कामाला लागलं, आणि या भिंगाचं कूळ शोधत गेलं की दिवा भेटतच नाही, भेटते ती आग.

आर्किमिडीजने उन्हाने जहाजं जाळल्याची दंतकथा पडताळायला फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ बुफाँने १७४७ मध्ये आरशांनी लाकडं पेटवून पाहिली. त्याच सुमारास त्याने जाळण्यासाठीच एक भिंग सुचवलं. मोठं भिंग मधोमध फार जाड होतं आणि ती जाडी उष्णता खाते. किरण वळतात ते काचेच्या पृष्ठभागावर. आतला ऐवज नुसतं ओझं. मग तो कोरून काढा आणि पायऱ्या ठेवा! सलग काचेत हे कोरणं महाकठीण, म्हणून गणितज्ञ कोंदोर्सेने सुटे तुकडे जोडायची तोड काढली.

१८१९ मध्ये फ्रेनेलने हीच कल्पना फ्रान्सच्या दीपस्तंभ आयोगापुढे मांडली, तेव्हा शार्ल नावाच्या सभासदाने बुफाँची आठवण करून दिली. फ्रेनेल ओशाळला. प्रकाश म्हणजे लहरी, हे मांडतानाही इंग्लंडचा थॉमस यंग त्याच्या आधी पोचलेला होताच.

स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टरचे कैवारी म्हणतात, त्याने १८१२च्या सुमारासच असं जोडभिंग वर्णिलं होतं. खरं आहे, पण तेही जाळण्याचंच. उलट इंग्लंडात पोर्टलंडच्या दीपस्तंभावर १७८९ मध्येच रॉजर्स या काच-कारागिराने भिंग बसवलं होतं, पण ते भरीव, प्रकाश गिळणारं. एकाकडे दिव्यापासून बाहेर जाणारी दिशा होती, दुसऱ्यांकडे पायऱ्या. माझ्या मते फ्रेनेलचं श्रेय पायऱ्यांचं नाहीच. जिथे ऊन गोळा व्हायचं, त्या बिंदूवर त्याने दिवा ठेवला आणि किरण उलटे चालवले. बुफाँला हे सुचलं नाही, कारण रात्रीच्या खलाशांशी त्याला देणंघेणं नसावं. कुळाचा पुरावा हवाच असेल, तर दीपस्तंभाचे राखणदार दिवसा भिंगाभोवती पडदे का ओढत, ते पाहा: ऊन आत शिरलं तर दिव्याचीच राख.

बाकी सारी कारागिरी. सोलेय या भिंगवाल्याने मार्च १८२०मध्ये पहिला नमुना दिला: ५५ सेंटिमीटरचा चौकोन, ९७ तुकडे. गोल कडी घासणं तेव्हा जमेना, म्हणून तुकडे बहुकोनी. कोर्दुआंसाठी मात्र सेंट-गोबेनच्या कारखान्याने वर्तुळखंडच ओतून दिले. मध्ये एकात एक चार वातींचा तेलाचा दिवा, भोवती आठ भिंगं, आणि ती फिरवायला घड्याळाची यंत्रणा. त्यातली काही जुळवणी फ्रेनेलने स्वतःच्या हातांनी केली.