बातमी कोणत्या पेठेची?

कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा, तालमींचा. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल. शाहू स्टेडियमवर सामना संपला की दुसऱ्या दिवशी पेपरात आधी पाहिलं जातं, 'आमच्यावर काय लिहिलंय?' बातमीदारही कुठल्यातरी पेठेतच वाढलेला. मग त्यानं निःपक्ष राहायचं कसं? हा प्रश्न समजून घ्यायला कोलकात्याचा इतिहास पाहू.

29 जुलै 1911 रोजी मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असं हरवून आयएफए शील्ड जिंकली. अकरापैकी दहा जण अनवाणी खेळले होते. तेव्हा 'द मुसलमान' या साप्ताहिकानं हिंदू खेळाडूंचा हा विजय आपलाच मानून साजरा केला. जिंकणारे कोण, यापेक्षा हरलेले कोण, हे तेव्हा मोठं होतं.

पुढं 1934 ते 1938 सलग पाच वर्षं मोहम्मडन स्पोर्टिंगनं कलकत्ता लीग जिंकली. त्याआधी एकाही भारतीय संघाला ती जिंकता आली नव्हती. पण आता राजकारण बदललं होतं. मुस्लिम वृत्तपत्रांनी हे यश कौमचं म्हणून मांडलं. ओल्या मैदानावर बूट घालून खेळण्याचा निर्णय, देशभरातून निवडून आणलेले खेळाडू, त्यांचा सराव, हे सगळं त्या जल्लोषात मागं पडलं.

म्हणजे पक्षपात फक्त टीकेत नसतो, कौतुकातही असतो. खेळाडूचा घाम पुसून त्याजागी जमातीचं नाव लिहिलं, की तोही अन्यायच. आपल्या माणसाचं कौतुक वाचताना हे आपल्या लक्षात येत नाही.

आपल्याकडं तालमीच्या एकाच जर्सीत हिंदू-मुसलमान पोरं खेळतात. ही कोल्हापूरची कमाई आहे. गोल कुणी केला, पास कुणी दिला, पंचांनी काय निर्णय दिला, एवढं नीट लिहिलं तरी ती टिकते. मैदानात हाणामारी झाली तर 'दोन गटांत राडा' एवढं लिहून दोघांना सारखं झोडपणं म्हणजे निःपक्षपणा नव्हे. सुरुवात कुणी केली हे डोळ्यांनी पाहिलं असेल तर तसं लिहावं, मग ती तालीम स्वतःच्या पेठेतली का असेना. आणि हरलेल्या पेठेतल्या वाचकानंही ती बातमी शेवटपर्यंत वाचावी.