आफ्रिकेतील शिकार-सफर : हिशेब पैशांचा आणि प्राण्यांचा

'सफारी' हा शब्द स्वाहिली भाषेतला. त्याचा अर्थ प्रवास. ज्या अरबी शब्दापासून तो तयार झाला, त्याच शब्दावरून मराठीतील 'सफर'ही आली आहे. पूर्व आफ्रिकेत युरोपीय आणि अमेरिकी शिकारी जाऊ लागल्यावर मात्र या साध्या शब्दाला बंदूक, तंबू, हमाल आणि भरपूर पैसा यांचा वास चिकटला. १९०९ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट स्मिथसोनियन संस्थेसाठी प्राण्यांचे नमुने गोळा करण्याकरिता पूर्व आफ्रिकेत गेले. आपल्या वाट्याचा खर्च भागविण्यासाठी त्यांनी एका प्रकाशनसंस्थेशी लेखमालेचा ५० हजार डॉलरचा करार केला होता. संस्थेच्या वाट्याची रक्कम अँड्र्यू कार्नेगींसारख्या धनिकांच्या देणग्यांतून उभी राहिली. १९३३-३४ मधील अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या प्रसिद्ध सफरीचा भार त्यांच्या पत्नीच्या श्रीमंत काकांनी उचलला होता. थोडक्यात, आफ्रिकेतील मोठी शिकार खिशाला कधीच स्वस्त नव्हती.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला आणि शिकार हा विषय जुन्या पुस्तकांपुरता आणि संस्थानी वाड्यांच्या भिंतींपुरता उरला. आफ्रिकेतील अनेक देशांत मात्र तो आजही कायदेशीर व्यवसाय आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार सहाराच्या दक्षिणेकडील २३ देशांत मिळून सुमारे १४ लाख चौरस किलोमीटर जमीन, म्हणजे महाराष्ट्राच्या साडेचार पट क्षेत्र, शिकारीसाठी वापरात होते. दरवर्षी सुमारे साडेअठरा हजार परदेशी शिकारी तेथे येत आणि त्यांच्याकडून सुमारे २० कोटी डॉलर गोळा होत. हा पैसा कशासाठी आकारला जातो आणि कोणाच्या हाती पडतो, हे समजल्याशिवाय शिकारीच्या बाजूचे वा विरोधातले कोणतेही मत अपुरेच राहते.

देशाची निवड

शिकारीच्या सफरीची आखणी देशाच्या निवडीपासून सुरू होते, कारण प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे. केनियाने १९७७ पासून शिकारीवर बंदी घातली आहे. तेथे जावयाचे ते कॅमेरा घेऊनच. बोट्सवानाने २०१४ मध्ये घातलेली बंदी २०१९ मध्ये उठविली. टांझानिया आणि झांबिया येथे विस्तीर्ण शिकारक्षेत्रांचे पट्टे कंपन्यांना दिले जातात. सिंह आणि रानम्हैस यांच्या महागड्या शिकारीसाठी टांझानिया ओळखला जातो.

दक्षिण आफ्रिकेत चित्र निराळे आहे. १९९१ च्या कायद्यानुसार योग्य कुंपण असलेल्या जमिनीवरील वन्यप्राण्यांची मालकी जमीनमालकाला मिळते. त्यामुळे तेथे हजारो खासगी कुरणांवर प्राणी पाळले, वाढविले आणि विकले जातात. सोयी उत्तम, प्रवास सोपा आणि दर स्पर्धात्मक असल्याने नवखे शिकारी तेथे मोठ्या संख्येने जातात. याच देशात पिंजऱ्यात वाढविलेले सिंह बंदिस्त आवारात सोडून मारण्याचा धंदाही फोफावला. त्यावर जगभर टीका झाली आणि २०२१ मध्ये सरकारने तो बंद करण्याचे धोरण जाहीर केले.

नामिबिया हा तिसरा नमुना. तेथे १९९६ च्या कायदादुरुस्तीनंतर सामूहिक जमिनीवर राहणाऱ्या ग्रामस्थांना एकत्र येऊन 'कॉन्झर्व्हन्सी', म्हणजे वन्यजीवांचे व्यवस्थापन करणारी लोकसंस्था, स्थापन करता येते. त्यांपैकी पहिल्या चार १९९८ मध्ये नोंदविल्या गेल्या. आता त्यांची संख्या ८६ झाली असून देशाचा सुमारे एक पंचमांश भूभाग त्यांच्याकडे आहे. आखणीचे पुढील तपशील मुख्यतः नामिबियाचे दिले आहेत, कारण पहिल्या सफरीसाठी हा देश सोयीचा मानला जातो आणि त्याचे नियमही स्पष्ट आहेत.

मोसम, परवाने आणि बंदूक

नामिबियात परदेशी पाहुण्यांसाठी शिकारीचा मोसम १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर असा असतो. त्यातही मे ते सप्टेंबर हे कोरड्या हिवाळ्याचे महिने पसंत केले जातात. गवत वाळलेले असते, प्राणी पाणवठ्यांवर येतात आणि दूरवरचे दिसते. आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा तेथे पहाटे कडाक्याची थंडी पडते. म्हणून सामानात लोकरी कपडे हवेतच. देशाच्या उत्तर भागात हिवताप आढळतो, त्यामुळे प्रतिबंधक औषधांबाबत निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. विमा घेताना दुर्गम भागातून हवाई रुग्णवाहिकेने हलविण्याचा खर्च त्यात धरला आहे ना, हे पाहावे.

परदेशी शिकाऱ्याला एकट्याने शिकार करता येत नाही. सरकारदरबारी नोंदणी असलेला व्यावसायिक शिकारी सोबत असावा लागतो आणि परवाना आधी काढावा लागतो. रात्रीची शिकार निषिद्ध आहे. पिस्तूल वा स्वयंचलित बंदूक चालत नाही. गोळीची किमान ऊर्जाही प्राण्याच्या आकारानुसार कायद्याने ठरवून दिलेली आहे, कारण कमी ताकदीच्या गोळीने प्राणी मरत नाही, जखमी होऊन हाल काढतो. आफ्रिकेतील अनेक देशांत धोकादायक मोठ्या प्राण्यांसाठी 'थ्री सेव्हन्टीफाइव्ह' बोअरची रायफल हीच किमान मर्यादा मानली जाते. स्वतःची बंदूक नेणाऱ्याला प्रवासातील प्रत्येक देशाची स्वतंत्र परवानगी लागते. हा व्याप टाळण्यासाठी अनेक जण तेथेच ती भाड्याने घेतात.

जुन्या मराठी शिकारकथांतील मचाण आणि हाका यांची कल्पना मनात धरून जाणाऱ्याला येथील पद्धत वेगळी वाटेल. बिबट्यासाठी आमिष लावून लपणीत बसण्याची रीत आहे. एरवी माग काढणाऱ्या स्थानिक माणसाच्या मागून पायी, तासन्तास चालणे हाच सफरीचा मुख्य भाग असतो. अनेकदा दिवसभरात एकही गोळी सुटत नाही.

बिलाची रचना

शिकार-सफरीच्या दरपत्रकात दोन मुख्य रकमा असतात. पहिली दैनिक शुल्काची. तीत निवास, जेवण, वाहन, मार्गदर्शक शिकारी आणि माग काढणारे यांचा खर्च येतो. शिकार साधो वा न साधो, ती द्यावीच लागते. दुसरी रक्कम 'ट्रॉफी फी', म्हणजे मारलेल्या प्रत्येक प्राण्यामागे आकारले जाणारे शुल्क. येथे एक नियम जवळजवळ सर्वत्र पाळला जातो : प्राणी जखमी होऊन निसटला तरी त्याचे पूर्ण शुल्क भरावे लागते. नेमबाजीचा सराव घरीच पक्का करून जाण्यामागे दयाबुद्धीइतकाच हा व्यवहारही आहे.

नमुन्यादाखल नामिबियातील सात दिवसांच्या सफरीचा ठोकळ हिशेब पाहू. दैनिक शुल्क ३५० डॉलर धरले तर सात दिवसांचे २,४५० डॉलर होतात. लांब सरळ शिंगांचा ऑरिक्स ६००, पिळदार शिंगांचा कुडू १,८००, स्प्रिंगबॉक हरीण ४०० आणि वॉर्टहॉग हे रानडुक्कर ४०० डॉलर, अशी प्राण्यांची रक्कम ३,२०० डॉलर होते. एकूण ५,६५० डॉलर. डॉलरचा भाव ८५ रुपये धरला तरी ही रक्कम पावणेपाच लाखांच्या वर जाते. दर शिकारक्षेत्रानुसार कमी-अधिक होतात. पण रकमांचे परस्परप्रमाण साधारण असेच असते.

दरपत्रकात ठळक अक्षरांत न दिसणारा खर्च यापुढे सुरू होतो. विमानभाडे, बंदुकीचे भाडे, परवान्याचे शुल्क, कर, सेवकवर्गाची बक्षिशी, कातडी-शिंगे साफ करून निर्जंतुक करण्याचा खर्च, पेंढा भरून ती जतन करण्याची मजुरी आणि शेवटी जहाज वा विमानाने पाठविण्याचे भाडे. हे सारे धरले की मूळ रक्कम सहज दुपटीच्या आसपास जाते. म्हणून कोणतेही 'पॅकेज' स्वीकारण्यापूर्वी त्यात काय समाविष्ट नाही, याची यादी लेखी मागावी. आरक्षणाच्या वेळी मोठी रक्कम आगाऊ भरावी लागते. सफर रद्द झाल्यास तिचे काय होणार, हेही करारात स्पष्ट असावे.

खर्च आटोक्यात ठेवण्याचे मार्ग आहेत. एका मार्गदर्शकासोबत दोन शिकारी गेल्यास दैनिक शुल्क कमी पडते. प्राण्यांची संख्या कमी ठेवावी. शिंगे घरी नेण्याचा मोह सोडला तर पुढची सारी साखळीच वाचते. मोठ्या प्राण्यांकडे वळले की मात्र हिशेब बदलतो. आफ्रिकी रानम्हशीसाठी पंधरा-वीस हजार डॉलरपर्यंत तयारी लागते. टांझानियातील सिंहाची सफर परंपरेने २१ दिवसांची असे. तिचा खर्च लाख डॉलरच्या घरात जाऊ शकतो. २०१४ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे नामिबियातील एका काळ्या गेंड्याच्या शिकारीचा परवाना ३ लाख ५० हजार डॉलरना लिलावात विकला गेला. म्हातारा, प्रजननास निरुपयोगी नर निवडण्याची अट त्यात होती. २०१५ मध्ये ती शिकार झाली.

ट्रॉफी घरी नेताना

प्राणी मारण्याचा परवाना हा त्याचे अवशेष देशाबाहेर नेण्याचा परवाना नव्हे. १९७५ पासून अमलात असलेल्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय करारान्वये बिबट्या, हत्ती, सिंह, गेंडा अशा प्राण्यांच्या अवशेषांच्या वाहतुकीवर नियंत्रण आहे. बिबट्यासाठी तर देशवार कोटा ठरलेला आहे. त्याशिवाय आयात करणाऱ्या देशाचे नियम वेगळे. ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स यांनी २०१५ मध्ये सिंहाच्या ट्रॉफींची आयात थांबविली. त्याच वर्षी अमेरिकेतील काही मोठ्या विमान कंपन्यांनी प्रमुख पाच मोठ्या प्राण्यांच्या ट्रॉफी वाहून नेण्यास नकार दिला. भारतातही वन्यप्राण्यांचे अवयव आणण्यावर कडक निर्बंध आहेत, आणि २०२२ च्या दुरुस्तीने 'साइट्स'ची अंमलबजावणी थेट आपल्या वन्यजीव कायद्यात आली आहे. पूर्वपरवानगीविना आणलेली वस्तू विमानतळावर जप्त होऊन गुन्हाही दाखल होऊ शकतो, हे परदेशस्थ मराठी माणसानेही भेटवस्तू पाठविताना ध्यानात ठेवावे.

पैसा जातो कोठे

विमान कंपन्यांच्या त्या निर्णयामागे झिम्बाब्वेतील 'सेसिल' सिंहाचे प्रकरण होते. ह्वांगे राष्ट्रीय उद्यानातील हा सिंह ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांच्या अभ्यासातला होता. त्याच्या गळ्यात माग ठेवणारा पट्टा होता. जुलै २०१५ मध्ये एका अमेरिकी दंतवैद्याने उद्यानाच्या हद्दीबाहेर त्याची शिकार केली. त्यासाठी सुमारे ५० हजार डॉलर मोजल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. ज्या जमिनीवर ही शिकार झाली तिला त्या वर्षी सिंहाचा कोटाच नव्हता, असे झिम्बाब्वेच्या अधिकाऱ्यांनी सांगितले. शिकाऱ्याचे स्वतःचे कागद नियमानुसार असल्याने त्याच्यावर खटला भरला गेला नाही. पैसे पूर्ण भरले, कागदही जमले. तरीही जो प्राणी मारायला नको होता तो मारला गेला.

याउलट नामिबियातील कॉन्झर्व्हन्सींमध्ये शिकारीच्या शुल्काचा वाटा थेट गावाच्या संस्थेकडे जातो. त्यातून राखणदारांचे पगार होतात आणि मारलेल्या प्राण्याचे मांस घरोघर वाटले जाते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने असे दाखविले की, शिकारीचे उत्पन्न बंद झाल्यास यांतील अनेक संस्थांना आपला चालू खर्चही भागविता येणार नाही. छायाचित्रणाच्या पर्यटनातून उत्पन्न मिळते खरे, पण ते रस्ते आणि निसर्गरम्य स्थळे असलेल्या भागांतच. ओसाड, दूरच्या पट्ट्यांत पर्यटक फिरकत नाही. २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील कुनो येथे आलेले पहिले आठ चित्ते याच देशातले. तेथील बहुतांश चित्ते राष्ट्रीय उद्यानांबाहेर, शेतकऱ्यांच्या जमिनीवर राहतात. शेतकऱ्याने त्यांना सहन करायचे की नाही, हा प्रश्न तेथे रोजच्या व्यवहाराचा आहे.

सगळीकडे असे घडते, असे मात्र नाही. २०१३ मध्ये एका ऑस्ट्रेलियन अर्थशास्त्रीय अहवालाने शिकार कंपन्यांच्या उत्पन्नापैकी जेमतेम ३ टक्के स्थानिक लोकांपर्यंत पोहोचत असल्याचा निष्कर्ष मांडला. शिकारीस मुभा असलेल्या टांझानियात २००९ ते २०१४ या काळात चोरट्या शिकारीमुळे हत्तींची संख्या सुमारे १ लाख ९ हजारांवरून ४३ हजारांवर आली. शिकारबंदी असलेल्या केनियाचा अनुभवही दिलासा देणारा नाही : १९७७ ते २०१६ या काळात तेथील कुरणांवरील वन्यप्राणी सरासरी ६८ टक्क्यांनी घटल्याचे संशोधकांना आढळले. नुसती मुभा प्राण्यांना वाचवीत नाही आणि नुसती बंदीही नाही. जमिनीवर राहणाऱ्या माणसाला जिवंत प्राण्यात स्वतःचे हित दिसते की नाही, यावर बरेच काही ठरते.

आरक्षणापूर्वी विचारायचे प्रश्न

म्हणूनच सफरीचे पैसे भरण्यापूर्वी दरांच्या घासाघिशीआधी काही प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. जमीन कोणाची? कोटा कोणी आणि कोणत्या गणनेवरून ठरविला? तो या वर्षी, याच जमिनीसाठी आहे काय, आणि त्याची प्रत पाहावयास मिळेल काय? प्राणी मोकळा वाढलेला की आणून सोडलेला? वयाची अट पाळली जाते काय? सिंहाबाबत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा. कळपाचा तरुण नर मारला गेला की नवा नर येऊन बछड्यांना मारतो. २००४ मध्ये 'नेचर' नियतकालिकातील संशोधनाने केवळ पाच-सहा वर्षांवरील नरच मारले जावेत, असे सुचविले होते. आणि शेवटचा प्रश्न : ट्रॉफी फीमधील किती रक्कम, कोणत्या गावाला, कोणत्या कागदावर मिळते?

चोख व्यवसाय करणारा मालक या प्रश्नांची उत्तरे कागदासह देतो. जो टाळाटाळ करतो, त्याचा दर कितीही स्वस्त असला तरी तो सौदा सोडून द्यावा. स्वतः कधीही बंदूक हाती न धरणाऱ्या वाचकालाही हेच प्रश्न उपयोगी पडतील. आफ्रिकेतील शिकारीविषयी आयातबंदीचे वा परवानगीचे निर्णय आता बहुधा दूरच्या शहरांत होतात. त्यांचे परिणाम मात्र तेथील खेड्यांना आणि प्राण्यांना भोगावे लागतात.