महिला मल्लांचा किताब : हमीदा बानू ते महिला महाराष्ट्र केसरी

मल्लविद्येच्या इतिहासलेखनात पराक्रम आणि किताब या दोन गोष्टींची गल्लत पुष्कळदा झालेली दिसते. पराक्रम मल्लाचा असतो. किताब मात्र देणाऱ्याचा असतो. तो देण्यासाठी मान्यताप्राप्त अशी एखादी सत्ता लागते. संस्थानकाळी ती दरबाराकडे होती व स्वातंत्र्योत्तर काळात ती कुस्तीगीरांच्या संघटनांकडे आली. महाराष्ट्रात पुरुष मल्लांसाठी ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब १९६१ साली सुरू झाला. महिलांची त्याच नावाची स्पर्धा मात्र २०२३ च्या मार्च महिन्यात सांगली येथे भरली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी यांनी कल्याणच्या वैष्णवी पाटील यांना नमवून तो मान मिळविला. या दोन घटनांत ६२ वर्षांचे अंतर आहे. त्या काळात महिला मल्लच नव्हत्या, म्हणून किताबही नव्हता, असे या अंतराचे सोपे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. उपलब्ध पुराव्यापुढे ते टिकत नाही.

हमीदा बानू यांचे उदाहरण या संदर्भात निर्णायक मानावे लागते. मिर्झापूरकडच्या या मल्ल स्त्रीने अलीगढ येथे सलाम पहिलवान यांच्या तालमीत शिक्षण घेतले आणि १९४० नंतरच्या दशकात पुरुषांशी जाहीर कुस्त्या केल्या. १९४४ साली मुंबईत गुंगा पहिलवानाशी त्यांची कुस्ती ठरली, तेव्हा सुमारे २०,००० प्रेक्षक जमले होते, असे ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने नोंदविले आहे. ती कुस्ती आयत्या वेळी रद्द झाली व चिडलेल्या जमावाने मैदानाची मोडतोड केली. १९५४ च्या फेब्रुवारीत, आपणास जो हरवील त्याच्याशी विवाह करू, असे आव्हान त्यांनी दिले. त्यानंतर पतियाळा व कलकत्ता येथील दोन मल्लांना त्यांनी हरविले. त्याच वर्षी मे महिन्यात बडोद्यास बाबा पहिलवान यांच्यावर त्यांनी १ मिनिट ३४ सेकंदांत विजय मिळविला. वास्तविक तेथे त्यांची जोड छोटा गामा यांच्याशी ठरली होती. परंतु स्त्रीशी कुस्ती करणार नाही, असे सांगून त्यांनी माघार घेतली होती. मुंबईत रशियाची ‘अस्वलीण’ म्हणून गाजविलेल्या व्हेरा चिस्टिलिन यांच्याशी झालेली त्यांची कुस्तीही याच वर्षीची असून ती एका मिनिटाच्या आत निकाली झाली.

या माहितीचा बहुतांश भाग वृत्तपत्रांतून येतो आणि तीत ठेकेदारांच्या जाहिरातीचा अंश मिसळलेला आहे, हे अभ्यासकाने विसरू नये. हमीदा बानूंचे १०८ किलो वजन, ५ फूट ३ इंच उंची, रोजचे साडेपाच लिटरांहून अधिक दूध, कोंबडी, मटण, बदाम, बिर्याणी यांचे तपशील वृत्तपत्रे मोठ्या हौसेने छापीत. मल्लाचा खुराक हा आपल्याकडे पूर्वापार कुतूहलाचा विषय खरा. परंतु त्यांनी कोणता डाव टाकला, प्रतिस्पर्धी कोणत्या बाजूने चीत झाला, याविषयी हेच वृत्तान्त बहुधा मौन पाळतात. मल्ल म्हणून त्यांचे मूल्यमापन करण्याची निकड लिहिणाऱ्यांना भासली नसावी, असेच यावरून म्हणावे लागते.

त्यांना झालेला विरोध दोन प्रकारचा होता आणि ते दोन्ही प्रकार वेगळे ठेवणे आवश्यक आहे. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली त्यांची कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या हरकतीमुळे रद्द करावी लागली. हा आक्षेप स्त्रीपुरुषांच्या कुस्तीलाच होता. मुंबई राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे हमीदा बानूंनी आपल्या कुस्त्यांवरील बंदीविरुद्ध तक्रार केली, तेव्हा मात्र उत्तर निराळे आले. ही बंदी त्या स्त्री आहेत म्हणून नसून, त्यांच्यापुढे ठेकेदार नकली मल्ल उभे करतात अशा तक्रारी आल्या आहेत म्हणून आहे, असे त्यात म्हटले होते. नुरा कुस्तीचा हा आरोप निराधार होता, असे ठामपणे म्हणता येत नाही. परंतु त्या काळच्या व्यावसायिक दंगलींवर, मग त्या पुरुषांच्या का असेनात, तोच आरोप सर्रास होत असे, आणि तरीही दारासिंग व किंगकाँग यांच्या कुस्त्यांना गर्दी लोटतच राहिली. शिवाय पुरुषाला नुरा कुस्तीचा संशय पुसून टाकण्यास एक मार्ग मोकळा होता. संघटनेच्या अधिकृत स्पर्धेत उतरून त्याला किताब जिंकता येई. हमीदा बानूंना असा मार्गच नव्हता. त्यांच्या पराक्रमाची शहानिशा करू शकणारी संस्था त्यांना आखाड्यात येऊ देत नव्हती आणि शहानिशा झालेली नाही म्हणून तो पराक्रम संशयास्पद ठरत होता.

येथे प्रादेशिक तपशील उपयोगी पडतो. बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात त्वरिता देवीच्या स्थानामुळे परिचित असलेले तलवाडा हे गाव १९५४ साली हैदराबाद राज्यात होते. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. म्हणजे मुंबई सरकारची बंदी ज्या काळी जारी होती, त्या काळी तिची सत्ता येथवर पोहोचत नव्हती. पण त्यामुळे काही फरक पडला असे मानण्याचे कारण नाही. मराठवाड्यातील गावोगावच्या यात्रांत हलगी वाजे, फड भरे, पंच जोडी लावीत, नारळापासून चांदीच्या कड्यापर्यंत इनामे दिली जात. आणि यात्रेची अधिष्ठात्री देवी असली तरी फडात उतरणारा पुरुषच असे. कायद्याची मनाई एका हुकुमाने उठते. रीतीची मनाई कोठे लिहिलेलीच नसल्यामुळे ती उठविण्यासाठी अर्ज तरी कोणाकडे करावयाचा?

संस्थात्मक घडण याच सुमारास होत होती. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ साली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. १९६१ मध्ये औरंगाबादेस झालेल्या अधिवेशनात दिनकर दह्यारी हे पहिले महाराष्ट्र केसरी ठरले. यात्रेचा फड, शहरातील तालीम, राज्याचा किताब, देशाचे प्रतिनिधित्व अशी एक पायवाट त्यानंतर रुळली. बीड जिल्ह्यातीलच पाटोद्याचे राहुल आवारे यांची २०१८ मधील राष्ट्रकुल स्पर्धेतील सुवर्णपदकापर्यंतची वाटचाल याच परंपरेतली. मुलींसाठी या पायवाटेची पहिली पायरीच नव्हती.

ती पायरी खालून बांधली गेली नाही, वरून उतरली. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा १९८७ साली नॉर्वेत झाली, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये महिला कुस्तीचा समावेश झाला आणि २०१६ मध्ये रिओ येथे साक्षी मलिक यांनी कांस्यपदक मिळविले. राज्यातील किताब या घटनांनंतरचा आहे. पुरुषांच्या बाबतीत हा क्रम नेमका उलट होता. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत पदक मिळविले, तेव्हा कोल्हापूरच्या तालमी व खासबाग मैदान यांची पूर्वपरंपरा त्यांच्या पाठीशी होती. सांगलीची स्पर्धा भरली त्या सुमारास राज्यातील कुस्तीचे नियमन कोणाकडे असावे, याविषयी दोन संघटनांत वाद चालू होता, हेही नमूद केले पाहिजे. किताब देणाऱ्याच्या अधिकाराचा प्रश्न पुरुषांच्या किताबालाही सुटलेला नव्हता.

हमीदा बानूंनी १९५४ मध्येच युरोपात जाऊन तेथील मल्लांशी लढण्याचा मनोदय जाहीर केला होता. त्यानंतर त्या आखाड्यातून दिसेनाशा झाल्या. पुढील आयुष्य त्यांनी कल्याण येथे दुधाच्या धंद्यावर काढले व १९८६ साली त्या निवर्तल्या. पहिल्या महिला महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीतील एक मल्ल याच कल्याणची होती.