सराव परीक्षेतला इतिहास

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या घरी अमेरिकेचा इतिहास मुक्कामाला होता. निमित्त मित्राच्या मुलीचं. अकरावीतल्या या मुलीची मे महिन्यात 'एपी'ची, म्हणजे शाळेत असतानाच द्यायची कॉलेजच्या पातळीची परीक्षा होती. निकाल १ ते ५ मध्ये लागतो. ३ किंवा जास्त मिळाले तर बरीच विद्यापीठं त्या विषयाचं क्रेडिट देतात. म्हणजे फीसुद्धा वाचते!

एका संध्याकाळी ती रडवेल्या चेहऱ्याने आली. बाजारातल्या गाइडमधल्या सराव परीक्षेत ५५ पर्यायी प्रश्नांपैकी जेमतेम २४ बरोबर. "काका, निबंध मला येतात. सनावळ्याच राहत नाहीत." निबंधाला तिने स्वतःच ७ पैकी ६ गुण दिले होते.

सनावळ्या म्हटल्यावर मी सरसावलो. आपण बोर्डाच्या परीक्षेत 'कारणे द्या' आणि 'टिपा लिहा'वर वाढलेली माणसं! तिला सांगितलं, १७७३ लक्षात ठेव. ऑगस्टमध्ये पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि डिसेंबरमध्ये बॉस्टनच्या बंदरात इंग्रजांचा चहा समुद्रात गेला. तिला ते पाठ झालं. दोन आठवडे आम्ही अशीच घोकंपट्टी केली.

मग तिच्या बाईंनी कॉलेज बोर्डाचा खरा जुना पेपर दिला आणि मी चाट पडलो. त्यात साल विचारलेलंच नव्हतं. आधी एखादं पत्र, भाषणाचा उतारा नाहीतर व्यंगचित्र, आणि मग प्रश्न: हे लिहिणाऱ्याचा राग नक्की कशावर आहे? इथे तिचे ५५ पैकी ३९ आले. गाइड उगाचच अवघड होतं, आणि तेही चुकीच्या बाजूने.

निबंधाचं मात्र उलटं झालं. दस्तऐवजांवरच्या निबंधात सात कागद देतात, वेळ एक तास, आणि गुणही सातच. कॉलेज बोर्ड जुने प्रश्न, नमुना उत्तरं आणि तपासण्याचे नियम वेबसाइटवर ठेवतं. नियम साधे आहेत. स्पष्ट प्रतिपादनाला एक गुण, काळाच्या पार्श्वभूमीला एक, पुराव्याला तीन. उरलेले दोन विश्लेषणाचे: कागद कोणी, कोणासाठी, का लिहिला हे सांगायचं आणि प्रश्नाची गुंतागुंत दाखवायची. त्या नियमांनी तिचाच निबंध तपासला. ६ चे ३ झाले. भाषा सुरेख होती, पण सातही कागदांचा नुसता सारांश होता.

आमच्या प्रयोगशाळेत उपकरण आधी प्रमाणित केल्याशिवाय कोणी मोजमापाला हात लावत नाही. इथे मात्र मी दोन बिघडलेल्या काट्यांवर विश्वास ठेवला होता. एक कमी दाखवत होता, एक जास्त. बेरीज साधारण बरोबर येत होती, म्हणून तर चूक दिसली नाही! पण त्यापायी अभ्यास नको तिथे झाला आणि दोन आठवडे गेले.

गाइडच्या मागे 'इतके गुण म्हणजे ४' असा तक्ता असतो. तोही अंदाजच. खरी सीमारेषा परीक्षा झाल्यावर, त्या वर्षीच्या पेपरची काठिण्यपातळी बघून ठरते. आपल्याकडे पूर्वपरीक्षेला मास्तर मुद्दाम कडक तपासायचे, ते सगळ्यांना ठाऊक असायचं. इथे काटा कडक की सैल, हे आपणच शोधायचं.

उरलेल्या दिवसांत तिने रोज एक कागद घेऊन "हे कोणी आणि का लिहिलं?" एवढंच केलं. जुलैत निकाल लागला: ४.

असो. नारायणराव मात्र तिच्या लक्षात राहिले आहेत. भेटली की विचारते, "काका, त्यांना नक्की का मारलं?" सनावळीपेक्षा हा प्रश्न बरा!