लोणारचा खार आणि आजोबांच्या बांगड्या

आम्ही मण्यार. माझे आजोबा मुकुटबनच्या बाजारात बायाबापड्यांच्या हातात बांगड्या भरायचे. पेटीतली काच फिरोजाबादची, एवढंच आम्हा मुलांना ठाऊक. त्याआधी काच कुठं, कशाची होत असेल, हे घरात कुणी विचारलं नाही. गेल्या हिवाळ्यात आपाला, म्हणजे थोरल्या बहिणीला, घेऊन लोणारला गेलो तेव्हा तो प्रश्न पडला.

आदल्या रात्री यवतमाळला मुक्काम केला आणि पहाटे जीप काढली. लोणार गाव सरोवराच्या काठावरच वसलेलं. दैत्यसूदनाच्या देवळावरची शिल्पं पाहण्यात तास गेला. विष्णूनं लवणासुराला मारलं ती कथा गाइडनं रंगवून सांगितली. धारेवर गोमुखातून गोडं पाणी पडतं. तिथून झाडीतून खाली उतरू लागलो, की कुबट वास येतो आणि मग ते हिरवं, खारं पाणी. आपानं त्यात बोटं बुडवून चोळली. ‘‘अरे, ये तो साबुन है!’’

श्रोतेहो, सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलनं ‘आइन-ए-अकबरी’त हेच नोंदवलं आहे. या तळ्यात काच आणि साबण करण्याचं साहित्य मिळतं, सोराही निघतो आणि त्यातून चांगला महसूल येतो. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावर खार जमायचा. त्याच्या प्रकारांना दल्ला, पापडी, भुस्की अशी नावं होती. काचेला वाळू, सोडा आणि चुना लागतो. चुनखडी आमच्या मुकुटबनच्या जमिनीत, सोडा इथं! बादशहाच्या दरबारी माणसाला जे ठाऊक होतं, ते मण्याराच्या नातवाला पन्नाशी उलटल्यावर कळावं, याची थोडी लाज वाटली.

1823 मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं या विवराची दखल घेतली. हा ज्वालामुखी की आणखी काही, हा वाद त्यानंतर बराच काळ चालला. 1973 मध्ये संशोधकांनी इथल्या बेसाल्टात मॅस्केलिनाइट सापडल्याचं जाहीर केलं. प्रचंड आघातानं खनिजाची झालेली ही काच; ज्वालामुखीत ती होत नाही. विवर उल्कापातानं झालं, याचा तो पुरावा. म्हणजे माणसानं खार गोळा करण्याच्या हजारो वर्षं आधी, त्या एका आदळण्यातच, इथं काच झाली होती.

आपानं एक काळा खडा उचलला. अभयारण्य आहे म्हणून मी तो परत ठेवायला लावला. ती रुसली. वर आल्यावर गावात तिनं डझनभर हिरव्या बांगड्या घेतल्या.

‘‘काच कुठली हो?’’ मी विचारलं.

‘‘फिरोजाबादची,’’ दुकानदार म्हणाला.