भैरवचा बिलावल

मागच्या महिन्यात देगलूरला गेलो होतो. तिथल्या एका संगीत वर्गाची मुलं अंक काढतायत. सोळा पानं, झेरॉक्स काढून वाटायचा. "दादा, तुम्ही कॉम्प्युटरवाले, पानं तुम्हीच लावा." लावली. प्रूफ बघून एक मुलगी म्हणाली, "दादा, ह्यात भैरव कुठंय? हा तर बिलावल झालाय की!"

चूक माझीच. एका फाइलमधला मजकूर दुसरीत चिकटवताना रे आणि ध खालच्या रेघा गळाल्या होत्या. भातखंडे लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते. भैरवातले रे आणि ध कोमल. रेघ गेली की ते शुद्ध, आणि सातही स्वर शुद्ध म्हणजे बिलावलचं सप्तक! लेखात वेलांटी चुकली तर वाचक समजून घेतो. इथे मात्र विद्यार्थी छापलंय तेच गाणार.

रात्री झोप येईना, म्हणून ह्या रेघांचं मूळ शोधत बसलो.

विष्णु दिगंबर पलुस्करांचे डोळे लहानपणीच फटाक्यानं अधू झाले. शिक्षण झालं मिरजेला, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे, म्हणजे गुरूसमोर बसून, कानांनी. आणि गाणं कागदावर आणायचा ध्यास घेतला तो ह्याच माणसानं! ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, लिपी बसवली, पुस्तकं छापली, 'संगीतामृत प्रवाह' नावाचं मासिकही चालवलं. ज्याच्या गावात गुरू नाही त्यालाही गाणं मिळावं, म्हणून हा सगळा खटाटोप. पुढे १९४७ पासून त्यांच्याच परंपरेतल्या गांधर्व महाविद्यालय मंडळानं 'संगीत कला विहार' सुरू केलं.

इकडे भातखंडे, पेशानं वकील. त्यांनी वेगळी लिपी केली. गंमत बघा: स्वरावर टिंब म्हणजे भातखंड्यांकडे तार सप्तक, पलुस्करांकडे मंद्र! उभी रेघ भातखंड्यांकडे तीव्र मध्यमाची, पलुस्करांकडे तार सप्तकाची. मुलांनी दोन पुस्तकांतून बंदिशी उतरवल्या होत्या आणि मी त्या एकाच पानावर शेजारीशेजारी लावल्या होत्या. आता बोला!

सकाळी मुलांबरोबर बसून नियम ठरवले. अख्ख्या अंकात एकच लिपी, भातखंडे, आणि खुणांचा तक्ता पहिल्याच पानावर. त्रितालाला सोळा समान रकाने. ओळ शब्द संपला म्हणून नाही, आवर्तन संपलं की मोडायची. बंदिश नवव्या मात्रेपासून उठत असेल तर ओळही तिथूनच. आडवं पान वापरलं तर सोळा रकाने बसतात, उभ्या पानावर अक्षरं मुंगीएवढी होतात.

राहिल्या रेघा. त्या फॉरमॅटिंगमध्ये असल्या की गळणारच. पण ऋग्वेदाच्या छपाईत अनुदात्ताची आडवी रेघ असते, स्वरिताची उभी. युनिकोडमध्ये ही दोन्ही चिन्हं आहेत. तीच वापरली: रे॒, ध॒, म॑. आता रेघ अक्षराचाच भाग झाली, कॉपी केली तरी सोबत येते.

दुसरं प्रूफ त्याच मुलीनं पेटीवर वाजवून तपासलं. मी पानाकडे बघत होतो, ती बघतही नव्हती, नुसती ऐकत होती. "आता भैरव आहे," म्हणाली.

मगच झेरॉक्सला दिलं.