रानातील शिळा आणि त्यांचे सेवक

माहूरच्या डोंगरावर रेणुकेच्या दर्शनास दरवर्षी असंख्य यात्रेकरू जातात. परंतु ज्या रानातून त्यांची वाट जाते त्या रानात देवळांखेरीज आणखीही काही आहे, हे त्यांपैकी थोड्यांच्याच ध्यानी येते. सागाच्या झाडीतून डोंगराचे वळण धरून गेलेली रामगडाची तटबंदी आणि खडकात कोरलेली पांडवलेणी ही तेथे शतकानुशतके उभी आहेत. अकबराच्या काळी माहूर हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते. १६६१ साली उंबरखिंडीत शिवाजीमहाराजांनी कारतलबखानास कोंडीत धरले, तेव्हा त्याच्या सैन्यात असलेली रायबागन ही ह्याच माहूरच्या देशमुख घराण्यातील. असा हा इतिहास आज घाणेरी आणि करवंदीच्या जाळीत तोंड लपवून बसलेला आहे.

गडकोट काळाने पडतात, असे आपण सहज म्हणून जातो. हे अर्धेच सत्य होय. काळ पूर्वीही होता. परंतु त्याच्याशी नित्य झगडणारी माणसेही होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील दुर्गप्रकरण ज्यांनी वाचले असेल त्यांना स्मरेल की, राज्यनीतीच्या त्या ग्रंथात पाण्याची टाकी कशी राखावी, तटाच्या दरजांतील गवत व झाडोरा कसा काढावा, गडावरील झाडे कशी जतन करावी, इतकेच नव्हे तर केरकचऱ्याची राख परसातील भाजीपाल्यास कशी घालावी, येथपर्यंत विचार केलेला आहे. दुर्गाचे रक्षण ह्या शब्दात तोफेइतकाच खराट्याचाही समावेश होता. पुढे शिबंदी गेली, वतने गेली, त्यांबरोबर खराटाही गेला. आणि मग काळाला मोकळे रान मिळाले.

सरकारने ह्या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना १९१४ साली त्या राज्याचे पुरातत्त्व खाते निघाले व गुलाम यजदानींसारखा विद्वान त्याचा प्रमुख झाला. स्वातंत्र्यानंतर १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा महाराष्ट्राचा कायदा झाला. परंतु कायद्याचे कुंपण यादीत नाव असलेल्या स्मारकापुरतेच असते. रानाच्या कडेला कलंडलेला वीरगळ, शेताच्या बांधावरची सतीशिळा, काटेरी झुडपांनी भरलेली बारव ह्यांची नावे बहुधा कोणत्याच यादीत नसतात. त्यांना वाली कोण? अलीकडे महाराष्ट्रात ठिकठिकाणी तरुण मंडळी सुटीच्या दिवशी कोयते आणि घमेली घेऊन अशा जागी जाऊ लागली आहेत. २०२० च्या सुमारास सुरू झालेल्या बारव मोहिमेने कित्येक विस्मृत बारवांची नोंद केली आणि महाशिवरात्रीस त्यांच्या पायऱ्यांवर दिवे लावले. ही गोष्ट आनंदाची आहे. मात्र ह्या आनंदात एक धोका दडलेला आहे, आणि तो मी स्वतःच्या चुकीतून शिकलो असल्यामुळे येथे सांगणे माझे कर्तव्य समजतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी किनवटकडील एका खेड्यात विद्यार्थ्यांचे शिबिर घेऊन मी गेलो होतो. रानाच्या तोंडाशी एक पडकी बारव होती व तिच्या भिंतीत एक पिंपळ फोफावला होता. विद्यार्थ्यांनी त्याला दोर बांधला, जयघोष केला आणि माझ्याच आज्ञेने तो ओढला. पिंपळ आला, पण त्याच्या मुळांबरोबर भिंतीचे तीन थर आणि एक कोरीव देवकोष्ठही खाली आले. जवळच उभा असलेला एक वृद्ध शेतकरी शांतपणे म्हणाला, "मास्तर, त्या झाडानंच भिंत धरली होती की." आम्ही काम सुरू करण्यापूर्वी साधे छायाचित्रही घेतले नव्हते. त्यामुळे कोणता दगड कोठे होता, हे सांगणे कोणासही शक्य झाले नाही. जे सातशे-आठशे पावसाळ्यांना साधले नसेल, ते आमच्या सेवावृत्तीने एका सकाळीत साधले!

ज्या मुळाने भिंत फोडली तेच मूळ पुढे तिचा आधार होऊन बसते. म्हणून झाड उपटायचे नसते. ते बुडाशी कापून पुन्हा फुटणार नाही अशी तजवीज करायची व मूळ जागच्या जागी सुकू द्यायचे असते. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला तर आतला ओलावा कोंडतो आणि जुना दगडच झिजतो. औशाजवळील खरोसा येथील लेणी जांभ्या दगडातील आहेत. असा दगड तारेच्या ब्रशाने घासला तर शेवाळाबरोबर शिल्पही जाते. वीरगळ उचलून देवळापाशी मांडला की तो नीटनेटका दिसतो खरा, पण तो वीर कोठे पडला ह्याची साक्ष कायमची बुडते. आणि संरक्षित स्मारकात किंवा राखीव वनात परवानगीवाचून कुदळ लावणे तर कायद्यानेही निषिद्ध आहे.

इंग्लंडात गेल्याच्या मागच्या शतकात जुन्या चर्चांना नवे रूप देण्याची लाट आली होती. तिच्याविरुद्ध विल्यम मॉरिस ह्याने १८७७ साली प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापिली. तिचे सांगणे थोडक्यात असे की, नूतनीकरणापेक्षा नित्याची काळजी बरी. आपल्याकडे जीर्णोद्धाराची परंपरा थोर आहे. अहिल्याबाईंनी वेरूळच्या घृष्णेश्वराचे देऊळ बांधले नसते तर आपण दरिद्री झालो असतो. परंतु पूजेतील देवालयाला उद्धार हवा असतो, तर रानातील मूक शिळेला हवा असतो केवळ सोबती.

कोणी विचारील, अवर्षणाने गांजलेल्या मुलखात हे दगडांचे कौतुक कशाला? ज्या लातुरास २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथील माणसाने तरी हा प्रश्न विचारू नये. बारव म्हणजे नुसते शिल्प नव्हे; पाणी जपून वापरावे, त्याच्यापाशी पायरी पायरीने उतरावे, ह्या शहाणपणाचे ते पाषाणरूप आहे. तिच्यातील गाळ उपसणारा तरुण भूतकाळाची जितकी सेवा करतो, तितकीच भविष्याचीही.

त्या पडलेल्या देवकोष्ठाचे दगड मी पुढे दोनदा पाहून आलो. गावकऱ्यांनी ते झाडाखाली नीट रचून ठेवले आहेत. आता विद्यार्थ्यांना घेऊन रानात जातो तेव्हा पहिला दिवस आम्ही कोयत्याला हात लावीत नाही. केवळ पाहतो, मोजतो, लिहून घेतो आणि गावातील वृद्धांना विचारतो. तरुणांना तो दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो. मला मात्र तोच खऱ्या सेवेचा दिवस वाटतो.